तोल सांभाळण्यापलीकडचे अनुमस्तिष्क

अनुमस्तिष्काचे काम शरीराचा तोल सांभाळणे एवढेच, हे शालेय पुस्तकातले विधान चांगले शिकलेसवरलेले लोकही आयुष्यभर इतक्या निःशंकपणे उच्चारीत असतात की ते ऐकून आता खरोखर वैताग येतो. तोल आणि हालचालींचा मेळ यांत त्याचा मोठा वाटा आहे, हे निर्विवाद. पण त्याचा अधिकार तेथेच संपतो असे मानणाऱ्याने आफ्रिकेतील गढूळ नद्यांत राहणाऱ्या ग्नॅथोनीमस पीटर्सी या माशाचा मेंदू पाहावा. त्याच्या अनुमस्तिष्काचा वाल्वुला नावाचा भाग एवढा विस्तारलेला असतो की उरलेला मेंदू त्याखाली झाकला जातो. इतर माशांहून याला पोहण्याची काही अधिक कसरत करावी लागते, असे मुळीच नाही. शेपटीतील इंद्रियातून क्षीण विद्युत्‌स्पंद सोडायचे आणि भोवतालच्या वस्तूंमुळे त्यांत पडणारा फरक त्वचेने टिपायचा, हा त्याचा विशेष. आणि या विद्युत्‌संवेदनेची वार्ता वाल्वुलात पोहोचते. तेथे पर्किंजे नावाच्या चेतापेशींच्या शाखा एकमेकींना समांतर, सरळ उभ्या असतात आणि कणपेशींचे बारीक तंतू, म्हणजेच ‘समांतर तंतू’, त्यांना काटकोनात छेदून जातात.

परंतु स्वतःच्या स्पंदाने उठलेली संवेदना आणि बाहेरून आलेली संवेदना यांत मासा फरक करतो कसा? विद्युत्‌संवेदनेचे पहिले ठाणे असलेल्या मेंदूतील खंडाकडे, स्पंद सोडण्याच्या प्रत्येक हुकमाची एक नक्कल पाठविली जाते. कर्टिस बेल यांनी १९८१ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात औषधाने माशाचा स्पंद बंद पाडला होता, हुकूम मात्र चालूच होते. प्रत्येक हुकमासोबत काही मिनिटे कृत्रिम विद्युत्‌उद्दीपन देऊन मग ते थांबविले, तेव्हा केवळ हुकमालाच त्या खंडातील पेशी प्रतिसाद देऊ लागल्या, आणि तो उद्दीपनाला मिळणाऱ्या प्रतिसादाच्या नेमका उलट होता. अपेक्षित संवेदनेची ही उलटी प्रतिमा प्रत्यक्ष संवेदनेतून वजा होते व उरते ते नवे. ही प्रतिमा घडते ती पेशींशी असलेल्या समांतर तंतूंच्या जोडण्या बदलल्यामुळे, आणि हा बदल मिलिसेकंदांच्या पूर्वापर क्रमावर अवलंबून असतो, हे बेल व सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखविले.

हा खंड म्हणजे प्रत्यक्ष अनुमस्तिष्क नव्हे, ही हरकत रास्त आहे. पण कणपेशी, समांतर तंतू आणि पर्किंजेसदृश पेशी अशी त्याची घडण अनुमस्तिष्काचीच आहे. म्हणूनच अनुमस्तिष्कही पुढे येणाऱ्या संवेदनेचा अंदाज बांधत असावे, या मताला येथून भक्कम आधार मिळतो.

मेंदू मोठा म्हणून हा मासा बुद्धिमान, हेही खरे नाही. १९९६ साली गोरान निल्सन यांनी केलेल्या मापनानुसार शरीराच्या वजनाच्या ३.१ टक्के असलेला हा मेंदू एकूण प्राणवायूपैकी ६० टक्के वापरतो, माणसाचा सुमारे २०; पण वाढ झाली आहे ती अनुमस्तिष्काची. त्याच्या तोंडापाशी दिसणारी ‘सोंड’ही नाक नसून हनुवटी आहे. सगळेच विद्युत्‌मत्स्य झटका देतात, हाही भ्रमच. याचे स्पंद काही व्होल्टांचेच असतात. आणि झटका देणारा दक्षिण अमेरिकेतील तथाकथित विद्युत्‌वाम, वाम माशांच्या कुळातला नसून त्याचे नाते शिंगाळ्यांशी अधिक जवळचे आहे.