लवकर पोहोचणाऱ्यालाही दंड!

मोटारींची शर्यत म्हटली, की सर्वांच्या पुढे धूळ उडवीत धावणारी गाडी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. पण सर्वांत आधी पोहोचणारा जिच्यात हमखास हरतो, अशीही एक स्पर्धा आहे. तिला ‘काळ-वेग-अंतर रॅली’ म्हणतात. नेमून दिलेल्या रस्त्याने, नेमून दिलेल्या वेगाने जायचे आणि नेमक्या सेकंदाला पोहोचायचे, एवढीच तिची अट. ऐकायला सोपी, पण पाळायला महाकठीण!

अमेरिकेतील ‘ग्रेट रेस’ ही अशीच एक प्रसिद्ध रॅली. ती १९८३ साली प्रथम भरली. तिच्यात जुन्या मोटारींनाच प्रवेश असतो. काही गाड्या तर शंभर वर्षांहून जुन्या असतात. प्रत्येक गाडीत एक चालक आणि शेजारी एक वाटाड्या. नकाशा, फोन, उपग्रहांच्या साह्याने वाट दाखवणारी साधने यांना मनाई असते. गाडीचे अंतरमापकही चिकटपट्टीने झाकतात. उरते काय? वेगमापक, घड्याळ, स्टॉपवॉच, कागद आणि पेन्सिल.

वाटाड्याच्या हाती सूचनांची वही असते. अमुक पाटीपाशी उजवीकडे वळा, तेथून अमुक वेग ठेवा, अशा त्या सूचना. वाटेत तपासनाके असतात. पण ते कोठे आहेत हे कोणालाच सांगत नाहीत. नाक्यावर एक सेकंद उशिरा आलात तर एक दंडगुण, आणि एक सेकंद लवकर आलात तरीही एकच दंडगुण. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी.

सेकंदाची किंमत

तेथे वेग मैलांत देतात. आपण सोयीसाठी किलोमीटर घेऊ. समजा, अर्धा तास ताशी ५० किलोमीटर वेगाने जायचे आहे. म्हणजे अंतर २५ किलोमीटर. चालकाने चुकून ताशी ५१ चा वेग ठेवला, तर तेच अंतर सुमारे १७६५ सेकंदांत संपेल. हवे होते १८०० सेकंद. वेगात फरक अवघा एका किलोमीटरचा, पण दंडगुण पस्तीस!

येथे एका चुकीने दुसरी भरून निघत नाही, हेही ध्यानात घ्या. चार नाक्यांवर तुम्ही अनुक्रमे ३ सेकंद उशिरा, २ सेकंद लवकर, अगदी वेळेवर आणि ४ सेकंद लवकर पोहोचलात. बेरीज उणे ३ येते. पण दंडगुण मात्र ९ होतात, कारण येथे चिन्ह सोडून केवळ मूल्य मोजतात. बीजगणितात आपण केवलमूल्य शिकतो, ते असे रस्त्यावर भेटते.

चाकाची साक्ष

वेगमापक खरे तर रस्ता मोजत नाही. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर असेल, तर एका फेरीत गाडी सुमारे २२० सेंटिमीटर पुढे जाते. आता टायर साडेतीन मिलिमीटर झिजला, तर त्रिज्या एक टक्क्याने कमी झाली. काटा ५० दाखवील, पण गाडी जाईल ताशी ४९.५ किलोमीटरने. अर्ध्या तासाच्या टप्प्याला १८ सेकंद उशीर होईल. टायरमधील हवेचा दाब बदलला, तरी असाच थोडाफार फरक पडतो.

म्हणून रोज सकाळी आधी एका मोजलेल्या रस्त्यावर वेगमापकाची परीक्षा घेतात. जे अंतर १० मिनिटांत संपायला हवे, त्याला १० मिनिटे ६ सेकंद लागली, तर काटा एक टक्का जास्त दाखवतो हे कळले. मग खरा वेग ५० हवा असेल, तर काटा ५०.५ वर ठेवायचा. त्रुटी गेली नाही, पण ती मोजली गेली. आणि मोजलेली त्रुटी मग घात करीत नाही. प्रयोगशाळेत व्हर्निअरची शून्यत्रुटी आपण आधी पाहून ठेवतो, तोच हा न्याय.

थांबण्याचा हिशेब

वेळापत्रकात वेग क्षणार्धात बदलतो असे धरलेले असते. खरी गाडी जडत्वाला बांधलेली! १९०८ ते १९२७ या काळात निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ घ्या. तिची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती, आणि पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरपेटीत लागतो. अशी गाडी ताशी ५० वरून थांबायला ६ सेकंद आणि पुन्हा ५० वर यायला १६ सेकंद घेते असे समजू. वेग एकसमान बदलला, तर त्या काळातला सरासरी वेग निम्मा असतो. म्हणून निम्मा वेळ वाया जातो. म्हणजे ३ आणि ८, एकूण ११ सेकंद.

हे सेकंद परत कसे मिळवायचे? वेग दहा टक्के वाढवला, तर दर दहा सेकंदांत एक सेकंद कमावता येतो. तेव्हा ताशी ५५ ने ११० सेकंद जा, आणि पुन्हा ५० वर या. किंवा सूचनेत १५ सेकंदांचा थांबा असेल, तर केवळ ४ सेकंद थांबा. हुशार जोड्या आपली गाडी किती वेगावरून किती सेकंद गमावते, याचा तक्ता आधीच करून ठेवतात.

दोघांचे काम

चालकाची नजर रस्त्यावर आणि काट्यावर. वाटाड्याची वहीवर आणि घड्याळावर. पुढच्या ट्रॅक्टरमुळे काही सेकंद गेले, तर चालकाने ते लगेच सांगायला हवे. तो गप्प बसला, तर वाटाड्याचे सगळे गणित बरोबर असूनही उत्तर चुकते. येथे चूक दडवता येत नाही. पुढच्या नाक्यावर ती सेकंदांत मोजली जाते.

आता तुम्ही करून पाहा. सायकलच्या पुढच्या चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर कापले जाते ते मोजा: एकदा सायकल हाताने ढकलून, एकदा तिच्यावर बसून, आणि एकदा चाकातील हवा थोडी कमी करून. तिन्ही उत्तरे सारखी येतात का?

आणि हे एक कोडे. १० किलोमीटरचा टप्पा सरासरी ताशी ५० किलोमीटरने पार करायचा आहे. पहिले ५ किलोमीटर तुम्ही ताशी ४० ने गेलात. उरलेले कोणत्या वेगाने जाल? ६० म्हणाल तर फसाल! आणि पहिले ५ किलोमीटर ताशी २५ ने गेला असाल तर? वहीत मांडून पाहा. गमावलेले सेकंद वाटाड्या ताबडतोब का भरून काढतो, ते मग तुम्हांला कोणी सांगावे लागणार नाही.