फुसका बार आणि नळीत अडकलेली गोळी

पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यास क्वचित एक चमत्कारिक अनुभव येतो. चाप ओढूनही नेहमीचा कडाडणारा आवाज होत नाही. दबका फुस्स असा आवाज येतो आणि खांद्याला धक्का जवळजवळ बसतच नाही. याला आपण फुसका बार म्हणतो व बहुधा हसण्यावारी नेतो. वस्तुतः याहून धोक्याची खूण दुसरी नाही. गोळी, छर्रे अथवा काडतुसातील डाट नळीतच अडकून राहिल्याचा तेव्हा दाट संभव असतो.

दारू पेटली म्हणजे तिचा वायू होतो आणि नळीच्या दर चौरस सेंटिमीटरवर कित्येकशे किलोग्रॅम दाब येतो. पुढची वाट मोकळी असेल तर गोळीला ढकलता ढकलता हा दाब उतरत जातो. वाट अडलेली असेल तर तो नळीलाच फुगवतो किंवा फाडतो. आणि बंदूक धरणाऱ्याचा डावा हात नेमका त्या नळीखाली असतो. म्हणून फुसक्या बारानंतर दुसरा बार कदापि काढू नये. ‘मागच्या गोळीने पुढची निघून जाईल’ हा समज अनेकांच्या मनात असतो. तो सर्वस्वी घातक आहे.

दादरा व नगर हवेलीत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खानवेल, मांदोनी, दुधनी या डोंगराळ भागात चार महिने घरातील हवाही ओलीच असते. अशा हवेत उघडी पडलेली दारू सर्द होते, कागदी काडतुसे फुगतात. काही जण काडतुसांना तेल चोळतात, तेही बाधते. गोळीखेरीज इतर अडथळेही असतात. बांधावरून घसरताना नळीच्या तोंडात चिखल शिरतो. उभ्या करून ठेवलेल्या बंदुकीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. बारा बोअरच्या नळीत चुकून वीस बोअरचे काडतूस पडले तर ते पुढे सरकून अडकते, मागे बारा बोअरचे काडतूस बिनबोभाट बसते, आणि मग अनर्थ ओढवतो. दोन्ही मापांची काडतुसे एका पिशवीत ठेवू नयेत.

बार फुसका निघाल्यास बंदुकीचे तोंड माणसे, गुरे व वस्ती नसलेल्या दिशेस धरून चापावरील बोट काढावे. दारू कधी कधी उशिरा पेटते. सबब निदान एक मिनिट तसेच थांबावे, ठासणीच्या बंदुकीबाबत याहून अधिक. त्यानंतर मोडती बंदूक उघडून काडतूस काढावे आणि मागील बाजूने नळीतून उजेड दिसतो काय ते पाहावे. तोंडाकडून डोळा लावून पाहू नये. उजेड न दिसल्यास बंदूक पुन्हा भरू नये. काडतूस निघतच नसेल तर त्याच्याशी झटापट करू नये.

ठासणीच्या बंदुकीत असा उजेड पाहता येत नाही. जुने जाणते लोक रिकाम्या नळीत गज किती खोल जातो याची खूण त्यावर करून ठेवीत. ही पद्धत आजही उत्तम होय. खूण बाहेर राहिली तर आत काहीतरी आहे. अशा वेळी टोपी काढून घ्यावी. मात्र गज ठोकू नये, कारण गोळीमागे न पेटलेली दारू असू शकते.

अडकलेली गोळी काढणे हे कसबी कारागिराचे काम आहे. आत जिवंत काडतूस वा दारू नाही याची तो प्रथम खात्री करतो. ठासणीच्या बंदुकीतील काळी दारू पाण्याने निकामी करतो, कारण तिच्यातील सोरा पाण्यात विरघळतो. मग नळीत पातळ तेल सोडून ते मुरू देतो व नळीच्या मापाच्या पितळी गजाने हलके ठोके देत गोळी सरकवतो. पोलादी सळईने नळी आतून ओरखडते, बारीक लाकडी काठी आतच चिरून पाचरीसारखी बसते, आणि भट्टीत तापवलेल्या नळीतील दारू भडकू शकते. गावच्या लोहाराचे कौशल्य वादातीत आहे, पण हे काम त्याच्याकडे नेऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करणे हा गुन्हा आहे. जवळचा परवानाधारक कारागीर कोण, याची चौकशी पोलीस ठाण्यात करावी. ठासणीच्या बंदुकीत भरलेली दारू अडकली असल्यास ती तशीच घेऊन वाहनातून निघू नये. आधी ठाण्यास कळवून सल्ला घ्यावा.

एक गोष्ट प्रसंगवशात सांगावीशी वाटते. पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानडुकरास मारण्यासही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे बंदूक वर्षानुवर्षे न वापरता आढ्याला टांगलेली असते आणि निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करण्यापुरतीच खाली उतरते. नेमक्या अशाच बंदुकीची नळी बुजलेली असण्याचा संभव अधिक. जमा करण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री करावी आणि शंका असल्यास ठाणे अंमलदारास तोंडी न सांगता लेखी कळवावे. सर्दावलेली काडतुसे चुलीत, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. मुलांच्या हाती ती तेथूनच लागतात. ती कशी जमा करावयाची हेही ठाण्यातच विचारावे.