पहिलें मत आणि घरांतील वडील मंडळी

राज्यघटनेनें १९५० सालीं मतदारासाठीं २१ वर्षांचें वय ठरविलें होतें. एकसष्टाव्या दुरुस्तीनें तें १८ वर आणिलें. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजीं अंमलांत आली. परिणाम असा कीं, पूर्वीं बहुधा पदवी हातीं आल्यावर मिळणारा अधिकार आतां कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षींच प्राप्त होतो. म्हणून नवा मतदार घडतो तो कॉलेजांत आणि घरांत.

केवळ नागरिकशास्त्राचें पुस्तक वाचून मतदार घडत नाहीं. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकींत उभें राहणें, प्रतिपक्षाचें ऐकून घेणें आणि पराभवानंतर दुसरे दिवशीं त्याच्याच शेजारीं बाकावर बसणें, ही खरी तालीम होय. महाराष्ट्रांत १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें वर्गप्रतिनिधि गुणानुक्रमें नेमण्याची पद्धत आणिली. २०१६ च्या कायद्यानें निवडणुकीची तरतूद पुनः केली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मान्य केलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशींत उमेदवाराच्या खर्चास ५,००० रुपयांची मर्यादा आहे. पैसा व दांडगाई यांस असा आवर घातल्यास ही तालीम हितकरच ठरेल.

आतां घराकडे वळूं. एकत्र कुटुंबांत “आमच्या घरचीं सात मतें” हे शब्द सहज तोंडीं येतात. त्यांत दुष्ट हेतु नसतो. पण मत ही कुळाची मिळकत नव्हे. मताची गुप्तता कायद्यानें राखिली आहे, ती केवळ गांवगुंडांपासून नव्हे. “कोणास मत दिलेंस?” असें वडिलांनीं विचारलें, कीं अठरा वर्षांच्या मुलापुढें, मुलीपुढें किंवा नव्या सुनेपुढें बहुधा दोनच मार्ग उरतात : आज्ञापालन किंवा असत्य. पहिल्यानें बुद्धि पंगु होते, दुसऱ्यानें घरांतला विश्वास जातो.

मग वडिलांनीं स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. सोळा वर्षांच्या पुत्रास मित्र मानण्याची शिकवण आपलीच आहे. जेवणाच्या पंक्तीस उमेदवारांच्या कामाची चर्चा करावी, परस्परविरोधी मतांचीं वर्तमानपत्रें घरांत येऊं द्यावींत, आणि मुलाचें म्हणणें पुरतें ऐकावें. मतदारयादींत त्याचें नांव आहे कीं नाहीं, हें पाहावें. वयाच्या गणनेसाठीं आतां जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर यांचे पहिले दिवस धरतात. वसतिगृहांत राहणाऱ्यानें तेथील किंवा घरची, कोणती तरी एकच नोंद ठेवावी.

इतकें केल्यावर मतदानकेंद्राच्या दारापाशीं वडिलकीचा अधिकार संपतो. निकालाच्या दिवशीं मात्र सर्वांनीं एकत्र बसून चहा घ्यावा. कोणी जिंकलें, कोणी हरलें, तरी कोणाचें मत कोठें पडलें हें विचारूं नये.