बरणीतलं वाळवंट

जुलै महिना. सांताक्रूझच्या वेधशाळेत या एकाच महिन्यात साधारण 900 मिलिमीटर पाऊस मोजला जातो आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी बुरशीचं राज्य सुरू होतं. चपला, कमरेचे पट्टे, कपाटामागची भिंत, कालचा पाव, काही सुटत नाही. त्याच स्वयंपाकघरात, फळीवर, मे महिन्यात घातलेलं कैरीचं लोणचं मात्र खुशाल बसलेलं असतं. ओलं, रसरशीत, न शिजवलेलं, आणि फ्रीजबाहेर!

स्टेशनाबाहेरच्या बाजारातून राजापुरी कैऱ्यांच्या फोडी करून आणाव्यात. (सोसायटीच्या आवारातल्या झाडाची कैरी घट्ट असेल तर तीही चालते; फक्त पोरांच्या आधी पोचायला हवं.) फोडी कोरड्या पुसायच्या, मीठ-हळद चोळायची आणि थांबायचं. पाहता पाहता परातीच्या तळाला पाणी जमतं. आपण तर थेंबही घातलेला नसतो. बाहेर मीठ फार, आत कमी, म्हणून फोडीतलं पाणीच पेशींचे पडदे ओलांडून बाहेर येतं. हाच खार.

खरी गंमत पुढे आहे. खारात पाणी भरपूर, पण मिठाने ते धरून ठेवलेलं असतं. जंतूंच्या वाट्याला किती पाणी येतं, त्यावर त्यांची वाढ ठरते, हे ऑस्ट्रेलियातल्या स्कॉट यांनी 1953 साली मोजून दाखवलं. शुद्ध पाण्याला 1 धरलं, तर अन्न नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना 0.91 तरी लागतं. किलोभर फोडींना पावशेर मीठ घातलं की खार याच्या बराच खाली उतरतो. जिवाणूच्या दृष्टीने ते वाळवंटच.

बुरशी मात्र चिवट. तिच्यातल्या बऱ्याच जाती 0.80 वरही तग धरतात, पण त्यांना हवा लागते. म्हणून फोडींवर बोटभर तेल. तेल जंतू मारत नाही, हवा तोडतं. मग हवेवाचून वाढणाऱ्या बोटुलिझमच्या जंतूचं काय? त्याला 4.6 पीएचच्या खाली वाढता येत नाही आणि कैरी 3 च्या आसपास. एकाने सोडलेली फट दुसऱ्याने बुजवायची, अशी ही राखण. आजीला सगळं ठाऊक होतं असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला वाटतं, तिला शिकवलं ते बुरसटून फेकून द्याव्या लागलेल्या बरण्यांनी.

मोहरीची डाळ तर जादूगारच. मोहरीत तिखटपणा तयार नसतोच. त्याची दोन द्रव्यं वेगवेगळ्या पेशींत बंद असतात. दाणा फुटला आणि ओल मिळाली की ती भेटतात आणि नाकात झिणझिण्या आणणारं, जंतूंनाही न सोसणारं रसायन जन्मतं. ओल खाराची. पण त्यातलं एक द्रव्य उष्णतेने मरतं, म्हणून फोडणीचं तेल पार थंड करूनच ओतायचं. गरम ओतलंत तर मोहरी मुकीच राहते.

पावसाळ्यात मिठाचा डबा पाणावतो ना? हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांपुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. उघड्या बरणीतला खारही तेच करतो: वरचा थर पातळ होतो आणि बुरशीला दार उघडतं. म्हणजे जुलैत तेल हवेबरोबर तिची ओलही अडवत असतं. ओला चमचा घालू नका, ही ओरड त्याचसाठी. कडेला साचलेल्या दोन थेंबांपुरता खार फिका पडला तरी बुरशीला तेवढी जागा पुरते.

अलीकडे लोणच्यातलं मीठ निम्म्यावर आणायची टूम आहे. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला रास्तच आहे. पण निम्म्या मिठाचं लोणचं फळीवर टिकणारं नव्हे. ते टक्कू किंवा मेथांब्याचं भावंड. त्याची जागा फ्रीजमध्ये, आणि बरणीही लहानच घ्यावी.