अक्षतांच्या आधीची निवडणूक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जॉर्जिया या राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीची तारीख ३ नोव्हेंबर २०२६ ही होय. विद्यमान शतकात त्या राज्यात झालेल्या निवडणुकांनी साऱ्या जगाचे लक्ष एकदा नव्हे, अनेकदा वेधून घेतले; तेव्हा ही निवडणूकही तशीच गाजावी यात नवल नाही. २०१८ व २०२२ या दोन्ही वेळी विजयी झालेले ब्रायन केम्प यांना राज्यघटनेप्रमाणे लागोपाठ तिसऱ्यांदा उभे राहता येत नाही, आणि मोकळ्या गादीभोवती गर्दी होणे हा तर सर्व देशांतील राजकारणाचा स्वभावच आहे. तथापि आम्हांला आज लिहावयाचे आहे ते नोव्हेंबरातील लढतीविषयी नव्हे. त्या लढतीस कोणी उभे राहावे हे ठरविण्यासाठी १९ मे २०२६ ही तारीख नेमण्यात आली आणि त्या दिवशी कोणासही निम्म्याहून अधिक मते न पडल्यास फेरमतदानासाठी १६ जून. या आधीच्या निवडणुकीला तेथे ‘प्रायमरी’ म्हणतात. तिच्याविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते, आणि आमच्या मते बोलण्यासारखे सर्वांत अधिक तेथेच आहे.

आधी एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्या वर्तमानपत्रांतून, आमचेही त्यांत आले, ‘जॉर्जियाच्या राज्यपालपदाची निवडणूक’ असा मथळा झळकतो आणि वाचक बुचकळ्यात पडतो, की राज्यपाल हे गृहस्थ निवडून केव्हापासून येऊ लागले? आपले राज्यपाल राष्ट्रपतींच्या आज्ञापत्राने नेमले जातात. तिकडचा गव्हर्नर हा आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कर्ता कारभारी असतो आणि त्याला विधिमंडळ नव्हे, जनता थेट निवडते. विशेष म्हणजे आपल्या घटना समितीतही प्रांतांचे गव्हर्नर प्रौढ मतदानाने निवडावेत अशी योजना १९४७ मध्ये पुढे आली होती. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल एका म्यानात कसे राहणार, या शंकेने १९४९ च्या मे महिन्यात ती सोडून देण्यात आली. ते योग्यच झाले असे आम्हांला वाटते. नेमलेल्या राज्यपालांनी जे उद्योग केले ते पाहून कधी कधी तसे वाटत नाही, हेही नमूद करून ठेवतो.

आता प्रायमरीविषयी. लग्नात वऱ्हाडी मंडळी अक्षता टाकतात, परंतु नवरदेव कोणता आणावयाचा हे चार वडीलधाऱ्यांनी बैठकीत आधीच ठरविलेले असते. जगातील बहुतेक लोकशाह्यांतील मतदार हा असा अक्षता टाकणारा वऱ्हाडी आहे. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत उमेदवार ठरत ते पक्षाच्या अधिवेशनांत, धुराने भरलेल्या खोल्यांत, रेल्वे कंपन्यांचे व लाकूडवाल्यांचे हितसंबंध सांभाळणाऱ्या पुढाऱ्यांकडून. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी या बैठकीविरुद्ध दंड थोपटले. त्यांच्या आग्रहाने १९०३ मध्ये तेथे कायदा झाला, १९०४ मध्ये मतदारांनी त्यावर पसंतीची मोहोर उठविली, आणि पक्षाचा उमेदवार सामान्य मतदारांनीच गुप्त मतदानाने निवडावा ही पद्धत पाहता पाहता देशभर पसरली. बैठकीत ठरणारा नवरा मांडवात ठरू लागला.

जॉर्जियाची गोष्ट सांगावयाची ती एवढ्यासाठी, की एखादी उत्तम सुधारणा दुष्टबुद्धीच्या हाती पडली म्हणजे तिचे काय होते याचा तिच्याइतका बोलका नमुना दुसरा नसेल. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ संपल्यावर तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचे एकछत्री राज्य सुरू झाले. नोव्हेंबरातील निवडणूक नावापुरती. डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली की गव्हर्नरपद खिशात. आणि या प्रायमरीत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. पक्षाचा युक्तिवाद असा, की आमचा पक्ष हा खाजगी क्लब आहे, क्लबात कोणाला घ्यावे हा आमचा प्रश्न आहे, सरकारचा त्यात संबंध काय? मतदानाचा हक्क कागदावर शाबूत होता. तो बजावून काही उपयोग होईल असा एकमेव दिवस तेवढा त्यांच्याकडून हिरावून घेतलेला होता.

४ जुलै १९४४ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, कोलंबस नावाच्या गावी प्राइमस किंग नावाचा एक केशकर्तनकार प्रायमरीत मत देण्यास न्यायालयाच्या इमारतीत गेला. हा गृहस्थ फावल्या वेळी धर्मोपदेशही करी. त्याला तेथून बाहेर काढण्यात आले. तीनच महिन्यांपूर्वी, टेक्सासमधील अशाच एका खटल्यात, थर्गुड मार्शल यांच्या वकिलीने सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांपुरती प्रायमरी घटनाबाह्य ठरविली होती. परंतु जॉर्जियातील पुढारी म्हणत, तो निकाल टेक्सासचा, आमचा नव्हे. किंगने दावा लावला. १९४५ मध्ये तो जिंकला, १९४६ च्या मार्चमध्ये अपिलातही जिंकला. ज्या महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केला, त्या महाराष्ट्राने या न्हाव्याचे नाव ओळखीचे करून घ्यावयास हवे होते, असे आम्हांला वाटते.

दरवाजा उघडला आणि त्या वर्षी लाखाहून अधिक कृष्णवर्णीयांची नावे मतदारयादीत चढली. परंतु आत गेल्यावर त्यांना कळले, की घरातली वजनेच खोटी आहेत. १९१७ च्या एका कायद्याने प्रायमरीतील मते राज्यभर एकत्र मोजली जात नसत. राज्याच्या १५९ कौंटी, आपण त्यांना जिल्हे म्हणू. त्यांतील सर्वांत मोठ्या आठ कौंटींना प्रत्येकी सहा ‘घटकमते’, नंतरच्या तीस कौंटींना चार-चार आणि उरलेल्या १२१ कौंटींना दोन-दोन. ज्या कौंटीत जो पहिला येईल त्याच्या पदरी तिची सगळी घटकमते पडत. १९६० च्या जनगणनेप्रमाणे अटलांटा शहर ज्या फुल्टन कौंटीत आहे तेथील लोकसंख्या ५,५६,३२६ आणि एकोल्स या सर्वांत लहान कौंटीची १,८७६. फुल्टनला सहा घटकमते, एकोल्सला दोन. त्रैराशिक मांडले तर एकोल्समधील एका माणसाचे वजन अटलांटामधील ९९ माणसांइतके होते! साऱ्या मुंबईला सहा मते आणि गडचिरोलीतील एखाद्या लहानशा तालुक्याला दोन, असा हिशेब कोणी आपल्यापुढे ठेवला तर आपण काय म्हणू?

१९४६ चीच प्रायमरी पाहा. शहरातला, सुशिक्षितांचा उमेदवार जेम्स कार्मायकेल यास ३,१३,३८९ मते पडली आणि गोऱ्यांच्या वर्चस्वाचा डंका पिटणाऱ्या यूजीन टॅल्मज यास २,९७,२४५. सोळा हजारांनी मागे पडलेला टॅल्मज २४२ विरुद्ध १४६ अशा घटकमतांनी विजयी झाला. ज्या कौंटीत ट्रॅम धावते ती जिंकण्याची आपल्याला फिकीरच नाही, अशी बढाई हा मनुष्य मारीत असे म्हणतात. ती पोकळ नव्हती.

पुढे जे घडले ते एखाद्या प्रहसनाला शोभावे असे आहे. गादीवर बसण्यापूर्वीच, डिसेंबरात, टॅल्मज मरण पावला. मावळते गव्हर्नर एलिस आर्नल म्हणाले, मी जागा सोडणार नाही. नवे लेफ्टनंट गव्हर्नर थॉम्पसन म्हणाले, वारस मी. आणि मृताचा मुलगा हर्मन म्हणाला, माझे नाव काही मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने लिहिले आहे, सबब विधिमंडळाने मला निवडावे. आणि विधिमंडळाने त्याला निवडलेही! एका राज्याला तीन गव्हर्नर झाले. ‘अटलांटा जर्नल’ या वृत्तपत्राचे बातमीदार जॉर्ज गुडविन यांनी टेलफेअर या टॅल्मज घराण्याच्या कौंटीत जाऊन याद्या तपासल्या, तेव्हा हर्मनला मत देणाऱ्यांत मेलेली माणसे निघाली, आणि एका केंद्रावर कित्येक मतदार अगदी वर्णानुक्रमाने रांगेत येऊन मत देऊन गेल्याचेही आढळले. या शोधास १९४८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आमच्या व्यवसायाला मान ताठ करण्याचे प्रसंग थोडे येतात. त्यांतील हा एक.

घटकमतांचे हे थोतांड सर्वोच्च न्यायालयाने मोडले ते १८ मार्च १९६३ रोजी. अमेरिकेचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी या खटल्यात जातीने युक्तिवादास उभे राहिले होते. मतदार शहरी असो वा खेड्यातला, त्याचे मत एकच आणि त्याचे मोलही एकच, असा त्या निकालाचा आशय. हे तत्त्व वाचताना आम्हांला वारंवार आठवते ते डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील भाषण. एक माणूस, एक मत आणि प्रत्येक मताचे सारखे मोल, हे राजकारणातील तत्त्व त्यांनी तेथे गृहीतच धरले होते. त्यांची चिंता होती ती सामाजिक व आर्थिक जीवनात ते उतरणार नाही याची. लोकशाहीचे गुरुकुल म्हणविणाऱ्या देशाला प्रायमरीपुरता तो धडा गिरविण्यास आणखी तेरा वर्षे लागली, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

वजने खरी झाली म्हणून माल चांगला येतोच असे नाही. १९६६ च्या प्रायमरीत एलिस आर्नल पहिला आला, जिमी कार्टर तिसरा. आणि फेरमतदानात जिंकला तो लेस्टर मॅडॉक्स. आपल्या उपाहारगृहाच्या दारातून कृष्णवर्णीयांना पिस्तूल दाखवून हाकलल्याची कीर्ती त्याच्या नावावर होती. पुढच्या खेपेस त्याच मतदारांनी कार्टरला निवडले. लोकांच्या हाती निवड दिली म्हणजे लोक शहाणे होतात असा आमचा दावा नाही. मात्र चुकीची जबाबदारी त्यांची राहते, आणि ती दुरुस्त करण्याची संधीही.

२००२ मध्ये चाक फिरले. पुनर्रचनेच्या काळानंतर प्रथमच रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला, आणि तेव्हापासून तेथील कळीची लढत रिपब्लिकन प्रायमरी ही होऊन बसली. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा जॉर्जियातील निकाल फिरवण्यास केम्प यांनी नकार दिला, तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांनी २०२२ च्या प्रायमरीत त्यांच्यासमोर माजी सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांना उभे केले. पक्षश्रेष्ठींनी उमेदवार ठरवण्याची रीत असती तर केम्प यांची गच्छंती एका दूरध्वनीने झाली असती. परंतु मतदारांनी केम्प यांना सत्तर टक्क्यांहून अधिक मते दिली. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. त्या प्रायमरीत मत देणारे सुमारे बारा लाख, तर नोव्हेंबरात मत देणारे एकोणचाळीस लाखांहून अधिक. बारा लाखांत जे कट्टर, जे तापलेले, त्यांचाच आवाज मोठा. उमेदवार त्यांच्याच तोंडाकडे पाहून बोलतो.

२०२६ च्या लढतीचे मर्म याच ठिकाणी आहे. रिपब्लिकन पक्षात २०२५ मध्ये रिंगणात उतरलेल्यांत एकीकडे लेफ्टनंट गव्हर्नर बर्ट जोन्स. २०२० मध्ये पर्यायी ‘निर्वाचक’ म्हणून सही करणाऱ्या सोळांपैकी ते एक असून, ट्रम्प यांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला. दुसरीकडे निवडणुकांचा कारभार पाहणारे ब्रॅड रॅफेन्सपर्गर. २ जानेवारी २०२१ च्या दूरध्वनीवर ११,७८० मते शोधून काढा, असे ट्रम्प यांनी ज्यांना सांगितले आणि ज्यांनी ती शोधली नाहीत, ते हेच. ॲटर्नी जनरल ख्रिस कार हेही उतरले. डेमोक्रॅटिक बाजूस अटलांटाच्या माजी महापौर कीशा लान्स बॉटम्स यांच्याबरोबर जेफ डंकन हे एके काळचे रिपब्लिकन लेफ्टनंट गव्हर्नर दिसले. पक्षांतर हा काही आपलाच मक्ता नाही. मोजलेल्या मतांचा मान राखणे हा गुण की अपराध, हा प्रश्न त्या राज्यात प्रथम विचारला जातो तो प्रायमरीच्या मतपत्रिकेवर.

आम्ही शाळामास्तर होतो त्या काळी वर्गनायकाची निवडणूक मोठ्या हौसेने घेत असू. चिठ्ठ्या, पेटी, मतमोजणी, सर्व काही यथासांग. एका वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, फळ्यावरची ही दोन नावं कोणी ठरवली?” ती अर्थातच आम्ही ठरविली होती. त्याला आम्ही खाली बसविले. उत्तर दिले नाही, कारण नव्हते.

आपल्या विधानसभेच्या प्रत्येक निवडणुकीत ते मूल आम्हांला आठवते. पक्षाचा ए आणि बी फॉर्म कोणाच्या हाती पडणार यासाठी अर्ज भरण्याच्या अखेरच्या तासापर्यंत इच्छुक मंडळी नेत्यांच्या दारात उभी असतात. मतदाराला त्या दाराचा पत्ताही कोणी सांगत नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यात पक्षांची नोंदणी आहे, उमेदवार कसा निवडावा याविषयी अक्षर नाही. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेसाठी मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांकडून उमेदवार निवडवून घेण्याचा प्रयोग केला. आपले लातूर त्यांत होते. बडोद्यात तर गंमतच झाली: कार्यकर्त्यांनी नरेंद्र रावत यांना निवडले, आणि तेथून नरेंद्र मोदी उभे राहणार हे कळताच पक्षाने त्यांना बाजूस सारून मधुसूदन मिस्त्री यांना पाठविले. नवरा मांडवात निवडला खरा, पण बोहल्यावर चढविला दुसराच. तो प्रयोग पुढे कोणी चालविला नाही. गुन्ह्यांचे खटले अंगावर असलेला उमेदवार का निवडला याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी दिला. त्यानंतर प्रसिद्ध झालेली कारणे वाचकांनी एकदा सवडीने वाचावीत. ‘लोकप्रिय’ आणि ‘समाजसेवक’ या दोन शब्दांचा इतका मुबलक वापर अन्यत्र क्वचितच आढळेल.

जॉर्जियात मतदाराने पक्षाचा सभासद असण्याची अट नाही. प्रायमरीच्या दिवशी तो केंद्रावर जातो, ओळखपत्र दाखवतो, आणि टेबलामागील कर्मचारी त्याला एकच प्रश्न विचारतो: कोणत्या पक्षाची मतपत्रिका देऊ? तो जे नाव घेईल ती मतपत्रिका त्याला मिळते. प्राइमस किंगला जेथून बाहेर काढण्यात आले त्या कोलंबस गावातही आता हीच रीत आहे.