दारिद्र्य, दया आणि मुक्ती : ख्रिस्ती मुक्तिविचाराचा एक परिचय

धर्माबादहून पूर्वेस थोडे अंतर गेले की तेलंगणाची सीमा लागते. पुढे मेदक हे गाव आहे. तेथील भव्य ख्रिस्तमंदिर १९२४ मध्ये पूर्ण झाले. वेस्लियन मिशनचे चार्ल्स पॉस्नेट यांनी दुष्काळाच्या काळात भुकेलेल्यांना बांधकामावर घेतले आणि कामाच्या मोबदल्यात त्यांना अन्न मिळाले, ही हकीगत आजही सांगितली जाते. आपल्या मराठवाड्यातही असा प्रयत्न झालेला आहे. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ, निजामी राज्यात मिळालेल्या जमिनीवर, बेथेल नावाची वसाहत उभी केली. तीत महार व मांग समाजांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना आसरा मिळाला.

या कार्यामागील करुणा नाकारण्याचे कारण नाही. तथापि एक प्रश्न उरतोच. भुकेल्यास अन्न देणे हे धर्माचे कार्य खरे; पण तो भुकेला का राहिला, हे विचारणे धर्माचे कार्य आहे की नाही? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती जगतात या प्रश्नावर जे मंथन झाले, त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हा प्रश्न आपल्याकडे प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याआधीच उपस्थित केला होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९३५ च्या येवला येथील घोषणेनंतर त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा कसून अभ्यास केला. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूर येथे ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोहोंविषयी आदर व्यक्त केला. परंतु भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडत नाही, हेही परखडपणे सांगितले. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरील त्यांचे विस्तृत लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यातील आक्षेप मुख्यतः तीन आहेत. मिशनच्या शिक्षणाचा लाभ बव्हंशी उच्चवर्णीयांनी घेतला. धर्मांतरानंतरही जात चर्चमध्ये शिरली. आणि माणसाच्या अधःपाताचे मूळ त्याच्या पापात आहे, अशी शिकवण मिळाल्याने परिस्थिती बदलण्याची प्रेरणाच क्षीण झाली. तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. दारिद्र्याचे कारण समाजरचनेत न शोधता माणसाच्या अंतःकरणात शोधले, की अन्याय करणारा आपोआप सुटतो.

नेमक्या याच ठिकाणी लॅटिन अमेरिकेतील काही ख्रिस्ती विचारवंतांनी आपल्या परंपरेची उलटतपासणी केली. १९६८ मध्ये कोलंबियातील मेदेयीन येथे त्या खंडातील बिशपांची परिषद भरली आणि अन्यायी समाजव्यवस्था ही स्वतःच एक हिंसा आहे, असे तिने मानले. पेरू देशाचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुटिएरेझ यांचा ‘मुक्तीचे ईश्वरविज्ञान’ हा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाप केवळ व्यक्तीत नसून संस्थांत, कायद्यांत व मालमत्तेच्या वाटपातही असते, आणि ईश्वरविषयक चिंतन गरिबांच्या लढ्यात सहभागी होऊनच केले पाहिजे, असे या विचाराचे सार सांगता येईल. इजिप्तच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांची कथा हा त्याचा आधार. १९७९ मध्ये मेक्सिकोतील प्वेब्ला येथील परिषदेने गरिबांची बाजू प्राधान्याने घेण्याचा निर्धार केला. खेडोपाडी छोटे गट एकत्र बसून बायबल वाचू लागले व त्या प्रकाशात आपल्या मजुरीचा व जमिनीचा विचार करू लागले.

त्याची किंमतही मोजावी लागली. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी उपासना चालू असतानाच गोळी घालण्यात आली. १९८४ मध्ये व्हॅटिकनने मार्क्सवादी संकल्पनांच्या वापराबद्दल या विचारास इशारा दिला. कालांतराने दृष्टी पालटली आणि २०१८ मध्ये रोमेरो यांना संतपद देण्यात आले. गुटिएरेझ यांचे निधन २०२४ मध्ये झाले.

परंतु हा विचार भारतात जसाच्या तसा लागू पडेल काय? हा प्रश्न विचारणारे महाराष्ट्रातीलच एक अभ्यासक होते. रेव्हरंड अरविंद निर्मळ (१९३६–१९९५) यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथील भाषणात शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाची मांडणी केली आणि पुढे मद्रासच्या गुरुकुल महाविद्यालयात दलित ईश्वरविज्ञानाचा पाया घातला. त्यांचे म्हणणे असे की, वर्गाचे विश्लेषण जातीपाशी येऊन थांबते; आणि भारतातील ख्रिस्ती चिंतन आजवर ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद साधण्यातच गुंतले, चर्चमधील बहुसंख्य दलितांची वेदना मात्र त्यात उमटली नाही. ईश्वर हा सत्ताधीश नसून सेवक आहे, धुण्याची आणि सफाईची कामे करणाऱ्यांच्या पंक्तीत तो बसतो, असे त्यांनी निर्भयपणे मांडले. मराठी चळवळीने रूढ केलेला ‘दलित’ हा शब्द अशा रीतीने ख्रिस्ती विद्यापीठांत पोहोचला.

बौद्ध अभ्यासकाने याकडे कसे पाहावे? भेद स्पष्ट आहे. मुक्तीचे ईश्वरविज्ञान तारणाऱ्या ईश्वरावर उभे आहे. धम्मात तारणहारास स्थान नाही. तथागत मार्ग दाखवितात, चालणे आपले आपण. परंतु दारिद्र्याच्या कारणमीमांसेत साम्यही आहे. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांस धन देत नाही. त्यातून दालिद्दिय वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, हत्या व असत्य. चोरांचा शिरच्छेद करूनही चोरी थांबत नाही, उलट हिंसा वाढते. कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की, शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन द्यावे, म्हणजे राज्यातील उपद्रव शमेल. दोन्ही सुत्तांत दारिद्र्याचा संबंध राज्यकारभाराशी जोडला आहे. गरिबाला दोषी ठरविलेले नाही.

शेवटी एक व्यवहाराचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. त्या शिखांना १९५६ मध्ये व बौद्धांना दीर्घ लढ्यानंतर १९९० मध्ये मिळाल्या. दलित ख्रिस्ती व मुस्लिम बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली, आणि २०२२ मध्ये या प्रश्नावर न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. धर्मांतरितास जात चिकटूनच राहते, हे चौतीस वर्षे सरकारदरबारी सांगण्याची पाळी आपल्यावर आली होती. तोच युक्तिवाद आता आपले ख्रिस्ती बांधव करीत आहेत. वाटणीत आपला हिस्सा कमी होईल ही भीती समजण्यासारखी आहे, आणि एकूण वाटा वाढविण्याची मागणी त्यासोबत करता येईल. पण जो अन्याय आपण सोसला तो दुसऱ्याच्या वाट्यास आला असता गप्प राहणे मैत्रीच्या शिकवणीशी सुसंगत नाही. सोलापुरात बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजास जे विचारले, ते आज आपणही स्वतःस विचारावे : अन्यायाविरुद्ध आपण कोणाकोणासाठी उभे राहतो?