चेन-सॉचा वेग: आधी धार, मग फेरफार

पेट्रोलवर चालणाऱ्या चेन-सॉमध्ये फेरफार करून घेतला की ती किती भराभर कापते, याच्या गप्पा लाकडाच्या धंद्यात फार. मोजमाप मात्र थोडे. कारागीर बंधूंनी मिस्त्रीला पैसे मोजण्यापूर्वी घड्याळ लावावे, असे आम्ही सुचवतो.

अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या टिंबरस्पोर्ट्स स्पर्धेत दोन वेगळे प्रकार आहेत. ‘स्टॉक सॉ’मध्ये सर्वांना एकाच जातीचे कारखानी यंत्र मिळते, ‘हॉट सॉ’मध्ये फेरफार केलेली जबर यंत्रे उतरतात. दोन्हींची तुलना कोणी करत नाही.

धंद्यातही हाच न्याय हवा. ओंडका तोच, पट्टी तेवढ्याच लांबीची आणि मुख्य म्हणजे साखळी तीच. आधी बोथट आणि नंतर ताजी धार लावून कापले, तर दिसणारा फरक कानशीचा, इंजिनाचा नव्हे. निदान पाच-पाच काप आलटून पालटून घ्यावेत व सरासरी काढावी.

चक्राचे दाते ७ वरून ८ केले, तर तेवढ्याच फेऱ्यांत साखळी सुमारे १४ टक्के जलद पळते. पण ओढ घटते आणि जाड ओंडक्यात यंत्र दबते. सायलेन्सर मोकळा करून कार्बुरेटर जुळवला नाही, तर पेट्रोल व त्यातले ऑइल कमी पडून पिस्टन जाम होऊ शकतो.

समजा, २० सेकंदांचा काप १७ वर आला. मिस्त्रीची मजुरी, जादा पेट्रोल आणि गमावलेली हमी वजा करून उरेल तोच खरा नफा.